घरटी एक माणूस

मी गाव सोडलं त्या दिवशी सर्वपित्री अमावास्येचं उधाण होतं, म्हणून बाबा मला सोडायला विमानतळावर आले नाहीत. आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. उधाणाच्या दिवशी ज्याची खारजमीन आहे तो बांधावर असतो, मग पोरगी जर्मनीला चालली असो की चंद्रावर. अमावास्येला कोण घर सोडतं, यावरून मात्र चार घरच्या बाया माझ्या आयला बोलून गेल्या होत्या. तिकीट ज्या दिवसाचं मिळालं त्या दिवसाचं, याला ती बिचारी काय करणार.

मीच मग नवे बूट घालून बांधावर गेले. खाली रस्त्यावर पनवेलपर्यंत नेणारी मिनीडोर उभी होती, टपावर माझ्या दोन बॅगा सुतळीनं आवळलेल्या, आणि आत बसलेली आय दर मिनिटाला हात बाहेर काढून मला बोलवत होती. बांधाच्या एका अंगाला खाडी काठोकाठ भरलेली, दुसऱ्या अंगाला निसवायला आलेलं भात. मधे दीड हात रुंदीची मातीची वाट आणि तिच्यावर माझा बाप, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी पाया पडले. माझे कपडे खराब होतील म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. आशीर्वाद नाही, उपदेश नाही. पाण्याकडे बघत ते एवढंच म्हणाले, "बाय, खांड गेली तं यावा लागंल. घरटी एक मानूस, ठावं हाय ना?"

मी हसले आणि "येईन" म्हणाले. बुटांच्या तळाला लागलेला तो चिखल मी विमानात पुसला नाही. पुसायला लाज वाटली म्हणा, किंवा आळस म्हणा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी गावात जन्म काढला त्यांना हे सांगायची गरज नाही, पण माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांची मुलंही हे कधी वाचतील, म्हणून सांगते. खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरतं त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांड गेली की ती कुणाच्या शेतासमोर गेली हे कुणी विचारत नाही. गावात हाळी जाते आणि प्रत्येक घरातून एक माणूस घमेलं घेऊन बांधावर हजर होतो. पाटील काका एकेका घराचं नाव घेतात, त्या घरचा माणूस "हजर" म्हणतो आणि चिखलाची रांग सुरू होते. ज्या घराचं कुणी आलं नाही त्या घराला दंड नसतो. नुसतं त्याच्या नावानंतर सगळे क्षणभर गप्प राहतात. ती शांतता दंडापेक्षा वाईट.

मी अकरा वर्षांची असताना एका श्रावणात खांड गेली आणि बाबा टायफॉइडनं अंथरुणाला खिळले होते. आय मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. बाबांनी मला उठवून घमेलं हातात दिलं. बांधावर पोचले तेव्हा आमच्या घराचं नाव घेऊन झालं होतं आणि ती शांतता चालू होती. मी ओरडले, "हजर." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, पोरीचं घमेलं म्हणजे मुंगीच्या तोंडी साखर. पण पाटील काका हसले नाहीत. त्यांनी मला रांगेत आपल्या पुढे उभं केलं. दुपारपर्यंत माझ्या हाताची सालं निघाली. पाणी थांबलं तेव्हा मला वाटलं, ते माझ्याच घमेल्यानं थांबलं. अजून वाटतं. बाबांना मुलगा नव्हता, तरी त्या दिवसापासून आमच्या घरचा तो एक माणूस कोण, हा प्रश्न मिटला होता.

जर्मनीत पहिल्या हिवाळ्यात मी फक्त एका खोलीत सुखी होते, ती म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतली माशांची खोली. बाहेर बर्फ, रस्त्यात माणूस नाही, आणि आत अठ्ठावीस अंश, दमट, भिंतींवर पाण्याचे थेंब. शेकडो काचेच्या टाक्या आणि त्यांत बोटाच्या पेराएवढे निळ्या पट्ट्यांचे मासे. हे मासे मूळचे आपल्याकडचेच, ओढ्यानाल्यांतले. ते माझ्याआधी स्थलांतर करून तिथं स्थायिक झाले होते आणि माझ्यापेक्षा बरे रुळले होते. मी दार उघडून आत गेले की चष्म्यावर वाफ धरायची आणि पाच सेकंद काहीच दिसायचं नाही. त्या पाच सेकंदांत नाकाला ओल्या माशाचा वास यायचा आणि मी आमच्या खाडीवर असायचे. चष्मा पुसला की पुन्हा जर्मनी.

मला तिथं जे करायचं होतं ते सांगायला सोपं आहे, करायला महाकठीण. माशाचं अंडं काचेसारखं आरपार असतं. त्याच्या आत जीव कसा घडतो ते सूक्ष्मदर्शकातून जिवंतपणी दिसतं. पण पेशी दिसतात त्या हजारो, सगळ्या सारख्या, सगळ्या हलणाऱ्या. यातली नेमकी एक कुठून निघाली आणि कुठं जाऊन वसली हे कळायचं कसं? त्यासाठी अंडं अगदी कोवळं असताना बारीक काचेच्या सुईनं त्यात एका चमकत्या प्रथिनाची पाककृती टोचायची. हे प्रथिन समुद्रातल्या एका प्रवाळाचं. मग वाढत्या गर्भाची प्रत्येक पेशी ते स्वतःच बनवते आणि सगळा गर्भ हिरवा चमकायला लागतो. आता जांभळ्या प्रकाशाची एक बारीक तिरीप हव्या त्या एकाच पेशीवर काही सेकंद धरायची. तेवढीच पेशी हिरव्याची लाल होते. बाकी सगळं शिवार हिरवं आणि मधे एक लाल ठिपका. मग दर काही मिनिटांनी फोटो काढत दोन दिवस तिच्या मागे राहायचं.

माझ्या वाट्याला ज्या पेशी आल्या होत्या त्या पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि जन्मल्या की निघतात. कुणी जबड्यात जाते, कुणी अंगावरचा रंग होते, कुणी नसांच्या जाळ्यात सामील होते. जन्मल्या जागी जवळपास कुणीच थांबत नाही. त्या का निघतात यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून त्यांना बघत राहायचे. लाल ठिपका एक पाय पुढे टाकायचा, थांबायचा, शेजारणीला चाचपायचा, परत पुढे. घाई नाही, गोंधळ नाही. दहा-दहा तास मी जागेवरून उठत नसे, आणि उठले की जमीन हलल्यासारखी वाटे.

रविवारी आमचं स्काइपवर बोलणं व्हायचं. शेजारच्या घरी कॉम्प्युटर आला होता, त्याच्यासमोर आय आणि बाबा एका खुर्चीत अर्धे अर्धे बसायचे. आयला मी मासा दाखवला. तिनं डोळे बारीक करून बघितला आणि म्हणाली, "येवढुसा? कालवनात घातला तं मीठच दिसंल, मासा नाय दिसाचा." मी सांगितलं, हा खायचा नसतो. त्यावर तिचा माझ्या नोकरीवरचा विश्वास कायमचा उडाला.

बाबांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांनी विचारलं, ती लाल खूण किती दिवस टिकते? मी सांगितलं, तीच तर अडचण आहे. पेशी एकाची दोन होते तेव्हा तिच्यातलं लाल दोघींत निम्मं निम्मं होतं. नवं प्रथिन बनतं ते हिरवंच बनतं, लाल नव्यानं बनत नाही. दोनाच्या चार, चाराच्या आठ, लाल फिकट होत जातं. बाबा म्हणाले, "म्हंजे वाटन्या झाल्या." त्याहून चांगलं मी आजवर कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही. मी म्हणाले, हो, वाटण्याच. "आन् मंग?" मग काही दिवसांनी दिसेनाशी होते. "दिसत नाय म्हंजे नाय का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बाबा, लाइन कट होतेय. लाइन चांगली होती.

अशी वर्षं गेली. आमच्याकडे विमानतळ येणार हे मी लहानपणापासून ऐकत होते. भूत येणार म्हणून मुलांना सांगतात तसं. कुणी जेवत नसलं तर त्याला भिववायला उपयोगी. मग एका वर्षी ते खरंच आलं. उलव्याकडून डोंगर फोडायचा आवाज दिवसभर यायला लागला, खाडीत भराव पडला आणि मोजणीची माणसं प्रत्येक घराच्या दारावर लाल रंगानं आकडे घालून गेली. स्काइप जाऊन एव्हाना व्हॉट्सॲप आलं होतं. आयनं दाराचा फोटो पाठवला. लाल आकड्याच्या खाली तिनं नेहमीसारखी रांगोळी काढली होती. बाबा फोनवर म्हणाले, "तुज्यावानी यांनी पन खून केली. आता बगतील, आमी कुठं जाऊन वसतो ते."

गाव उठणार हे ठरलं तशी गावकीची बैठक झाली. नव्या जागी घरं जशी होतील तशी होतील, पण आधी गावदेवीच्या देवळाचा जोता, म्हणजे चौथरा, उभा राहिला पाहिजे, असं ठरलं. आणि तो मजुरांकडून नाही, बांध बांधतात तसा. प्रत्येक घरच्या एका माणसानं आपल्या अंगणातली एक घमेलं माती आणायची आणि ती जोत्यात भरायची. दिवस ठरला मे महिन्याच्या अखेरीचा, पाऊस लागायच्या आत. बाबांचे गुडघे तोवर पार गेले होते, काठीशिवाय दोन पावलं नाहीत. त्यांनी मला फोन केला आणि गोल गोल काही बोलले नाहीत. "बाय, खांड गेली," म्हणाले.

मी तिकीट काढलं. माझी शेवटची निरीक्षणं त्याच आठवड्यात संपणार होती. त्या निरीक्षणांवर माझी पुढची नेमणूक होती, आणि नेमणुकीवर व्हिसा. सूक्ष्मदर्शक एकच, वापरणारे चौदा. आपली पाळी आली की ती सोडायची नाही.

आता माझी चूक सांगते. ही चूक जर्मन माणूस करूच शकला नसता. आयनं मला एक सवय लावली होती. दिवेलागणीला, म्हणजे आमच्याकडे साधारण साताला, घराचं दार बंद ठेवायचं नाही. लक्ष्मी यायची वेळ. अभ्यास असो, ताप असो, सात वाजले की उठून दार उघडायचं. परदेशात दार कुठलं उघडणार, तर मी खिडकीचा पडदा वर करायचे. घड्याळात सात वाजले की हात आपोआप त्या दोरीकडे जायचा. हिवाळ्यात सातला बाहेर काळोख, तेव्हा कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि उन्हाळ्यातली माझी पाळी नेहमी सकाळची असायची. त्या मेमध्ये ती पहिल्यांदा संध्याकाळची आली.

मी अंड्यांच्या ताटल्या टेबलावर मांडल्या होत्या. निवडून ठेवलेली हिरवी अंडी, एकेक पेशी लाल करण्यासाठी तयार. सात वाजले. माझ्या मनात गाव होतं, अंगणातली कुठली माती घ्यायची हे होतं, तुळशीजवळची की उखळाजवळची. मी पडदा वर केला आणि चहा प्यायला गेले. तिथं मेमध्ये साताला सूर्य चांगला हातभर वर असतो, आणि त्याच्या उजेडात ती जांभळी तिरीपही असते. परत आले तेव्हा टेबलावर ऊन पसरलं होतं, सोन्यासारखं. सुंदर दिसत होतं. मी एक ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सगळा गर्भ लाल. दुसरी ठेवली. लाल. एक पेशी ओळखायची तर बाकीच्या हिरव्या हव्यात. इथं सगळ्यांनाच खूण झाली होती, म्हणजे कुणालाच नव्हती.

आमच्या प्रमुख उटेबाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, पडदा का उघडलास? लक्ष्मीला जर्मन भाषेत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मी म्हणाले, आमच्याकडे या वेळी एक पाहुणी येते. त्यांनी ताटल्यांकडे पाहिलं. "आली का?" मी म्हणाले, आली. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाळ्यांचं वेळापत्रक उघडून माझं नाव पुढच्या रिकाम्या जागी लिहिलं. तीन आठवड्यांनंतरची जागा होती. जोत्याचा दिवस पाच दिवसांवर होता.

मी जाऊ शकले असते. हे इथं लिहून ठेवते, कारण इतकी वर्षं मी सगळ्यांना "सुट्टी मिळाली नाही" असं सांगत आले आहे. सुट्टी होती, तिकीट होतं. पण गेले असते तर पुन्हा मासे जमवणं, अंडी मिळवणं, सगळी तयारी त्या तीन आठवड्यांत बसली नसती आणि माझं तिथलं राहणं संपलं असतं. मी तिथं राहणं निवडलं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बरा." एवढंच. आयला फोन दे म्हणायच्या आत त्यांनी तो ठेवला. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब शांतता. पाटील काकांनी आमच्या घराचं नाव घेतलं असेल आणि सगळे गप्प राहिले असतील, हे मला तिथं बसून ऐकू आलं.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा बसले. एक पेशी लाल केली. ती निघाली, कण्याची कड सोडून खाली उतरली, वाटेत एकाची दोन झाली, दोनाच्या चार झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या मागे चार फिकट ठिपके शांत बसलेले दिसले. माझं काम झालं होतं. त्याच दुपारी कुणीतरी आमच्या घराचा व्हिडिओ पाठवला, जेसीबीनं पाडतानाचा. मी तो अर्धाच पाहिला. आकडा घातलेलं दार शेवटपर्यंत उभं होतं, तिथंच मी थांबवला. मग माशांच्या खोलीत गेले, चष्म्यावर वाफ धरू दिली आणि पोटभर रडले. तिथं कुणी काही विचारत नाही, सगळ्यांचे चष्मे ओलेच असतात.

माघात मी घरी गेले. घरी म्हणजे नवीन पनवेलला, आय-बाबांच्या भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. दार आयनं उघडलं. जिना चढताना मी काय काय बोलायचं ते ठरवून आले होते, त्यातलं काहीच लागलं नाही. गॅलरीत एका घमेल्यात तिनं मिरच्या लावल्या होत्या. मी म्हणाले, कुंडी मिळाली नाही का? आय म्हणाली, "बापाला इचार तुज्या. मना हात लाऊ देत नवता, मी आपली मिरची लावली, नायतर मातीला काय काम?"

बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे वाचल्यासारखं करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठी घेतली, रिक्षा बोलावली, आणि मला म्हणाले, "घमेला घे." मी मिरच्यांसकट घमेलं उचललं. आय म्हणाली, निदान मिरच्या तरी तोडू दे. तेवढ्यापुरते ते थांबले.

नव्या गावात निम्मी घरं उभी, निम्म्यांच्या सळ्या उभ्या. गावदेवीचं देऊळ पुरं झालं होतं, रंग लागला होता. पाटील काका ओट्यावर बसले होते, आता पार वाळलेले. बाबांनी मला देवळाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. सगळा जोता लादीनं मढवलेला, आणि त्या कोपऱ्यात एक लादी नाही. तिथं खड्डा होता, घमेलंभर माती मावेल एवढा, वर निळं प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकवर दगड. पावसाळा त्यावरून गेला होता. आयनं नंतर सांगितलं, त्या दिवशी ती स्वतः घमेलं घेऊन निघाली होती, बाबांनी तिला अडवलं. गवंडी भांडला, गावकीतले चिडले, एक कोपरा उघडा ठेवून देऊळ कोण बांधतं? बाबा सगळ्यांना एकच सांगत राहिले, "माजी पोर येल." आणि पाटील काकांनी गवंड्याला सांगितलं होतं की ती लादी राहू दे.

पाटील काका काठी टेकत आले. त्यांनी कसलीही चौकशी केली नाही. ना कधी आलीस, ना किती दिवस आहेस, ना लग्नाचं काय. बांधावर घ्यायचे तशा आवाजात त्यांनी आमच्या घराचं नाव घेतलं.

"हजर," मी म्हणाले.

माती ओतली. तिच्यात मिरचीची मुळं होती. बाबांनी काठी माझ्याकडे दिली, माझा खांदा धरला आणि एका पायानं ती माती दाबली, बांध दाबायचे तशी, टाच फिरवून. मग म्हणाले, "आता पानी येत नाय." खाडी तिथून किती लांब होती आणि तीही बुजवलेली. परत येताना रिक्षात त्यांना सांगितलं, बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, दिसत नाही म्हणजे नाही का? दिसत नाही म्हणजे फक्त दिसत नाही. ते म्हणाले, "मना ठावं होता. तुना ठावं हाय का, ते इचारत होतो."

पुढच्या वर्षी बाबा गेले. त्या वेळी मी वेळेवर पोचले.

आता कुणी विचारलं घर कुठं, तर मी पत्ता देते तो जर्मनीतला. आमच्या अंगणावर धावपट्टी येणार आहे, आणि एक दिवस मी बहुधा तिथंच उतरेन, आमच्याच उखळावर. घर म्हणजे काय असं विचारलं तर मला एक खड्डा आठवतो, आपल्यावाचून जो आठ महिने कुणी भरला नाही. तो आता भरलेला आहे आणि वर लादीही बसली आहे. आत काय आहे हे आम्हा तिघा-चौघांनाच माहीत.

इथं रोज सात वाजतात. मी उठते. आधी ताटल्यांवर काळा कागद झाकते, चारी कडा बोटांनी नीट दाबते, आणि मग पडदा वर करते.